शेण, शाळिग्राम आणि चालते देवमासे

देवघरातल्या ताम्हनात रोज आंघोळ करणारा शाळिग्राम हा मुळात खाऱ्या पाण्यातला रहिवासी. नेपाळात मुक्तिनाथच्या परिसरात, काली गंडकीच्या पात्रात तो सापडतो. आतलं जे चक्र पाहून आपण हात जोडतो, ते बहुतेक वेळा ॲमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या कवचाचं वेटोळं असतं. दिसतो शंखासारखा, पण त्याचं नातं आपल्या कोकणातल्या माकुळाशी. साधारण 14 ते 16 कोटी वर्षांपूर्वी हे प्राणी टेथिस नावाच्या समुद्रात पोहत होते. पुढे भारताचा भूखंड आशियाला जाऊन धडकला आणि त्या समुद्राच्या तळाचा गाळ घड्या पडत पडत वर उचलला गेला. मुक्तिनाथची उंची आज 3,700 मीटरच्या आसपास आहे. माकुळाचा चुलता हिमालयात पोचला तो असा.

ॲमोनाइट भूशास्त्रज्ञांना फार प्रिय, कारण त्यांच्या जाती भराभर बदलत गेल्या. अमुक नक्षीचं कवच दिसलं की खडक अमुक काळातला, इतकं ते नेमकं सांगता येतं. ही युक्ती ज्यांनी रूढ केली, ते विल्यम स्मिथ इंग्लंडात कालव्यांसाठी जमिनीची मोजणी करत. कुठेही खणा, खडकांच्या थरांतले जीवाश्म ठरलेल्या क्रमानेच येतात, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या आधारावर 1815 मध्ये त्यांनी इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. त्या वर्षी चार्ल्स डार्विन सहा वर्षांचे होते. उत्क्रांतीची बाजू घेण्याचा स्मिथ यांच्यावर संशयसुद्धा घेता येत नाही, त्यांना फक्त कालवे नीट खणून हवे होते.

जीवाश्म हा उत्क्रांतीचा पुरावा कसा ठरतो, याची मेख या क्रमातच आहे. एखादं हाड कितीही देखणं असो, एकटं ते फारसं काही सिद्ध करत नाही. ते कुठल्या थरात सापडलं, त्याच्या खाली कोण होतं आणि वर कोण, यावर सगळा खटला उभा असतो.

सशाची अट

उत्क्रांतीचा सिद्धांत खोटा पाडायचा तर काय लागेल? जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांना हे विचारलं गेलं तेव्हा त्यांनी एका शब्दात विषय संपवला म्हणतात: ससा. अट इतकीच, की तो कँब्रियनपूर्व खडकात, म्हणजे 54 कोटी वर्षांहून जुन्या थरात सापडायला हवा. त्या काळी पाठीचा कणा असलेले प्राणी नव्हते, मग ससा कुठला? हाल्डेन उत्तरायुष्यात भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि 1964 मध्ये भुवनेश्वरला वारले. ससा अजून सापडलेला नाही. आव्हान खुलं आहे.

आधी पत्ता, मग प्राणी

क्रम माहीत असला की भाकीतही करता येतं. नील शुबिन, टेड डेश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. साधारण 38 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत मासे आहेत, 36 कोटींच्या आसपास पायांचे प्राणी आहेत. तर मधला गडी 37.5 कोटी वर्षांच्या खडकात हवा, आणि खडक उथळ वाहत्या पाण्याच्या गाळाचा हवा. नकाशावर असा खडक उघडा पडलेला कुठे? कॅनडाच्या पार उत्तरेला, एल्समीर बेटावर. तिथे उन्हाळ्याचे थोडे आठवडे काम करता येतं, ध्रुवीय अस्वलांसाठी बंदूक जवळ बाळगावी लागते. 1999 मध्ये शोध सुरू झाला आणि 2004 मध्ये खडकातून एक चपटं तोंड बाहेर डोकावलं. टिक्टालिक!

खवले माशाचे, कल्लेही माशासारखे. पण डोकं मगरीसारखं चपटं, डोळे वरच्या बाजूला, आणि माशाला कधीच नसते ती गोष्ट, म्हणजे मान. परांच्या आत खांद्याचं, कोपराचं आणि मनगटाचं हाड. जोर काढण्याइतकी तयारी त्याची झालेली होती.

आता एक मिठाचा खडा. 2010 मध्ये पोलंडमध्ये टिक्टालिकहून जुने, चार पायांच्या प्राण्याचे वाटणारे ठसे प्रसिद्ध झाले. म्हणजे टिक्टालिक हा आपला थेट खापरपणजोबा असण्यापेक्षा त्या पिढीतला, थोडा मागे राहिलेला चुलत आजोबा असावा. माझ्या मते यात बिघडत काही नाही. जुन्या फोटोत थेट आजोबा नसले तरी त्यांच्या चुलत भावावरून घराण्याचं नाक कळतंच.

ओवेनसाहेबांची भेट

या विषयात कुठेही हात घाला, एक गृहस्थ हमखास भेटतात: रिचर्ड ओवेन. 'डायनासोर' हे नाव त्यांनीच 1842 मध्ये दिलं. हाडांची जाण अफाट, आणि डार्विनशी हाडवैर. विधीचा खेळ असा, की उत्क्रांतीचे उत्तमोत्तम पुरावे याच माणसाच्या टेबलावर येऊन पडत राहिले.

डार्विन यांचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' 1859 मध्ये आलं. मधले दुवे का सापडत नाहीत, याबद्दल त्यांनी त्यात अख्खं प्रकरण खर्ची घातलंय. खडकांची नोंदवही फाटकी आहे, बरीच पानं गहाळ आहेत, असा त्यांचा युक्तिवाद. दोनच वर्षांनी, 1861 मध्ये, जर्मनीत झोल्नहोफेनच्या चुनखडीतून आर्किऑप्टेरिक्स बाहेर आला. पिसं आणि पंख पक्ष्याचे. दात, बोटांवरच्या नख्या आणि हाडांची लांब शेपटी सरपटणाऱ्या प्राण्याची. वय 15 कोटी वर्षं. तो एका डॉक्टरकडे होता. हे डॉक्टर औषधपाण्याच्या बदल्यात रुग्णांकडून जीवाश्म घेत, आणि मुलीच्या हुंड्यासाठी त्यांनी संग्रह विकायला काढला अशी कथा आहे. ब्रिटिश म्युझियमसाठी 700 पौंड मोजून तो संग्रह घेतला कोणी? ओवेनसाहेबांनी. पुढे बर्लिनला गेलेला दुसरा, अधिक सुंदर नमुना तर ज्या शेतकऱ्याला सापडला त्याने गाय घेण्यासाठी विकला म्हणतात. इतकी स्वस्त गाय आणि इतका महाग पक्षी असा सौदा पुन्हा झाला नसेल.

आणि ही गोष्ट तिथे थांबली नाही. 1996 मध्ये चीनमधून पिसांच्या लवेसारखं आवरण असलेला छोटा डायनासोर, सायनोसॉरोप्टेरिक्स, जगापुढे आला. 2010 मध्ये त्या लवेतले रंगकणांचे अवशेष सूक्ष्मदर्शकाखाली पाहून शास्त्रज्ञांनी त्याचा रंगही सांगितला: शेपटीवर तांबूस आणि पांढरे पट्टे. तेव्हा यापुढे कोंबडीला डायनासोरची वंशज म्हणताना ओशाळायचं कारण नाही.

घोड्याचीही तीच कथा. 1841 मध्ये ओवेन यांनी इंग्लंडातल्या एका लहानशा जीवाश्माला हायरॅक्स या सशाएवढ्या प्राण्याच्या साम्यावरून हायराकोथेरियम नाव दिलं. घोड्याशी त्याचा काही संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. पुढे अमेरिकेत जीवाश्मतज्ज्ञ मार्श यांच्या संग्रहात तशाच, कोल्ह्याएवढ्या प्राण्यांची रांग लागली: पुढच्या पायाला चार बोटं, मागच्या पायाला तीन, मग वरच्या थरांत तीनच बोटं, मग एक. डार्विन यांचे पाठीराखे टॉमस हक्सली 1876 मध्ये ती हाडं पाहायला गेले आणि आपली आधीची मतं बदलून परतले. आजचा घोडा एकाच बोटाच्या टोकावर धावतो. बाजूच्या बोटांच्या खुणा म्हणून दोन बारीक हाडं त्याच्या नळीला चिकटलेली असतात, हे कुठलाही जनावरांचा डॉक्टर सांगेल. रांग म्हटली तरी ती सरळ नाही. घोड्यांचा वंशवृक्ष चांगला झुपकेदार आहे आणि त्याच्या बहुतेक फांद्या वाळून गेल्यात.

देवमासा कच्छहून निघाला

सगळ्यात झकास कथा देवमाशाची, आणि ती आपल्या अंगणातली आहे. अस्वल तोंड उघडं ठेवून पाण्यात किडे पकडत पोहतं, तर अशाच एखाद्या प्राण्यापासून कालांतराने देवमाशासारखं काही का होऊ नये, असं डार्विन यांनी पहिल्या आवृत्तीत लिहिलं. लोक इतके हसले की पुढच्या आवृत्त्यांत त्यांनी ती कल्पना छाटून टाकली. अस्वल चुकलं होतंच. पण जमिनीवरून पाण्यात, ही दिशा बरोबर होती.

1981 मध्ये फिलिप गिंगरिच यांनी पाकिस्तानात सापडलेल्या सुमारे 5 कोटी वर्षांच्या एका कवटीचं वर्णन प्रसिद्ध केलं. जबडा लांडग्यासारखा, पण कानाचं हाड देवमाशाचं. नाव पाकिसीटस. कवटीपुरतंच ठीक होतं. उरलेलं शरीर कसं? 2001 मध्ये हाडांचे सांगाडे जुळवले गेले आणि निघाला चक्क चार बारीक पायांवर धावणारा प्राणी. मधल्या काळात, 1994 मध्ये, हान्स थेविसन यांनी ॲम्ब्युलोसीटस मांडला होता: सुमारे 3 मीटर लांब, मोठे पंजे, चालायला आणि पोहायला दोन्हीकडे थोडा अवघडलेला.

मग भांडण लागलं नात्यावरून. डीएनएवाले म्हणत, देवमाशाचा सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा. हाडंवाले म्हणत, छे, तो नामशेष झालेल्या मांसभक्षक खुरवाल्यांच्या कुळातला. निकाल लागला घोट्याच्या एका हाडावर. हरीण, शेळी, डुक्कर, उंट, पाणघोडा यांच्या घोट्याचं हाड दोन्ही टोकांना कप्पीसारखं असतं. इतर कोणाचं तसं नसतं. 2001 मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी प्राचीन देवमाशांचे घोटे शोधले, आणि दोन्हीकडे दोन कप्प्या! गिंगरिच स्वतः हाडंवाल्यांच्या बाजूचे. हाड हातात येताच त्यांनी आपलं मत सोडून दिलं. आमच्याकडच्या वादांमध्ये असा प्रकार क्वचितच पाहायला मिळतो.

आता जम्मूकडे. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मू भागातल्या कालाकोटजवळून दगडांत रुतलेली हाडं गोळा केली होती आणि 1971 मध्ये त्यांतल्या एका प्राण्याला इंडोह्यूस नाव दिलं होतं. उरलेले बरेच दगड तसेच पडून राहिले. त्यांच्या निधनानंतर पत्नीने ते थेविसन यांना दिले. दगड साफ करता करता सहायकाच्या हातून एक कवटी चुकून तुटली आणि आत दिसला कानाच्या हाडाचा जाड ओठ, जो तोवर फक्त देवमाशांतच माहीत होता. 2007 मध्ये हे जाहीर झालं. इंडोह्यूस हा 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराहून थोडा मोठा, सह्याद्रीत दिसणाऱ्या पिसोरी हरणाच्या चणीचा प्राणी. हाडं मात्र जाड आणि जड, पाण्यात बुडून राहायला सोयीची. आफ्रिकेत आजही पिसोरीचा एक भाऊबंद आहे, जो गरुड दिसला की थेट पाण्यात उडी घेतो. देवमाशाच्या घराण्याची सुरुवात बहुधा अशाच घाबरटपणातून झाली.

पुढचा टप्पा कच्छचा. हरुडी आणि बाबिया टेकडीच्या परिसरातल्या प्राचीन देवमाशांवर अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्रा यांनी 1970च्या दशकात काम सुरू केलं. पुढे सुनील बाजपेयी आणि थेविसन यांनी 2000 मध्ये कच्छिसीटस मांडला: पाणमांजरासारखा लांबट, त्या कुळातला सगळ्यात छोटा. आज जिथे पाण्यासाठी उंट मैलोन्‌मैल चालतो, तिथे तेव्हा देवमाशांचे पूर्वज उथळ समुद्रात शिकार करत होते. (त्याच कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीतून वासुकी इंडिकस हा अजस्र साप 2024 मध्ये जाहीर झाला. अंदाजे लांबी 11 ते 15 मीटर. कच्छला सगळंच मोठं लागतं, फक्त देवमासा तेवढा लहान.)

शेवटी बॅसिलोसॉरस. 1834 मध्ये रिचर्ड हार्लन यांना तो प्रचंड सरडा वाटला. तो सस्तन प्राणी आहे हे दाताच्या बांधणीवरून दाखवलं, अर्थातच, ओवेनसाहेबांनी. इजिप्तच्या वाळवंटात, वादी अल-हितान इथे, या प्राण्यांचे सांगाडे जमिनीवर पडलेले आहेत. 1990 मध्ये गिंगरिच आणि सहकाऱ्यांनी त्यांचे मागचे पाय जगाला दाखवले. प्राणी 15 मीटरच्या पुढे आणि पाय आपल्या पायांहूनही तोकडे, तरी मांडी, गुडघा, बोटं सगळं जागच्या जागी. आजच्या देवमाशाचे मागचे पाय मांसात दडलेल्या दोन हाडांपुरते उरलेत. आणि मासे शेपूट डावीकडे-उजवीकडे हलवतात, तर देवमासा वर-खाली. धावणाऱ्या चतुष्पादाचा कणा पाण्यातही तसाच वाकतो.

चंद्रपूरचं शेण

महाराष्ट्रात जीवाश्म शोधणाऱ्याची पंचाईत अशी, की आपला बहुतेक मुलूख लाव्हाच्या काळ्या कातळाखाली गाडला गेलाय. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थरांवर थर पसरत गेला. कातळाखालचा किंवा दोन थरांमधला गाळ जिथे उघडा पडलाय, तिथेच काही मिळण्याची आशा. असं एक गाव म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा. इथे डायनासोरच्या शेणाचे दगड झालेले गोळे मिळतात. एकोणिसाव्या शतकापासून ते माहीत होते. 2005 मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांत डोकावून पाहिलं आणि त्यांना दिसलं गवत.

म्हणजे गवताच्या पानांत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, ज्यांच्या आकारावरून गवताचा प्रकार ओळखता येतो. निदान पाच प्रकार निघाले, त्यांत भाताच्या आणि बांबूच्या भाऊबंदांशी जुळणारेही. तोवर समज असा, की डायनासोर गेल्यावर बऱ्याच काळाने गवत आलं. संग्रहालयांतल्या चित्रांत डायनासोरच्या पायाखाली गवत काढणं ही ढोबळ चूक मानली जाई. पिसदुऱ्याच्या शेणाने ते चित्रकार निर्दोष सुटले. लांब मानेचे टायटॅनोसॉर वैदर्भीय गवत चरत होते, आणि भाताच्या घराण्याचा इतिहास बराच मागे सरकला.

विदर्भाच्या मातीचा आणखी एक नमुना. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते आणि फावल्या वेळात दगड गोळा करत. 1863 मध्ये नदी ओलांडताना बुडून ते गेले. त्यांनी आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिळवलेली, बेडकासारख्या चपट्या डोक्याच्या उभयचराची कवटी लंडनला पोचली. तिचं वर्णन 1855 मध्ये केलं (ओळखलंत ना?) ओवेनसाहेबांनी. त्या प्राण्याच्या कुळातले इतर लोक सापडले दक्षिण आफ्रिकेत आणि ऑस्ट्रेलियात. हे बेडूकमामा समुद्र पोहून गेले नाहीत. तेव्हा हे सगळे भूखंड एकमेकांना चिकटलेले होते.

मुंबईकरांनी रुसू नये म्हणून: लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात वरळीला अश्मीभूत बेडूक सापडले आहेत. वय 6 कोटी वर्षांहून जास्त. वर्णन, 1847, ओवेन. वरळीतले सगळ्यात जुने भाडेकरू तेच.

जबडा ऐकू कसा लागला

शाळेत पाठ केलेलं आठवतंय? हातोडा, ऐरण, रिकीब. कानातल्या या तीन हाडांपैकी हातोडा आणि ऐरण ही मुळात सरपटणाऱ्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्याची हाडं. भ्रूणाच्या वाढीवरून हा अंदाज 1837 मध्येच बांधला गेला होता. पण मग मधल्या प्राण्याने खायचं कसं? सांधा सोडून हाडं कानात निघाली तर जबडा लोंबकळेल की! उत्तर जीवाश्मांनी दिलं: मॉर्गन्युकोडॉनसारख्या सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीच्या चिमुकल्या प्राण्यांना जबड्याचे दोन सांधे होते, जुना आणि नवा, शेजारी शेजारी. नवा पक्का झाला आणि जुना ऐकण्याच्या कामाला मोकळा झाला. शेजारच्या घरातलं बोलणं आपण ज्या हाडांनी ऐकतो, त्यांनी कधीकाळी किडे चावले जात.

सापांच्या जबड्याचीही अर्धवट अवस्था दगडात पकडली गेलीय. गुजरातेत ढोली डुंगरी इथे धनंजय मोहबे यांना 1980च्या दशकात डायनासोरच्या अंड्यांचं घरटं मिळालं. त्यातली काही हाडं पिल्लाची नसून सापाची आहेत, हे जेफ्री विल्सन यांनी 2001 मध्ये ओळखलं. फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला 3.5 मीटरचा साप, आणि शेजारी अर्ध्या मीटरचं पिल्लू. अजगरासारखा जबडा ताणता येण्याची सोय या सापाला नव्हती. अंडं गिळणं अशक्य, म्हणून पिल्लू बाहेर यायची वाट बघत बसला असावा. तेवढ्यात गाळ कोसळला आणि तिघेही जागीच.

पोळं आणि पिल्टडाउन

फसवाफसवीही भरपूर. 1912 मध्ये इंग्लंडात 'पिल्टडाउन मानव' अवतरला: मोठा मेंदू, जबडा वानराचा. साहेबाला पहिला माणूस आपल्याच देशातला निघाल्याचं अप्रूप. पण आफ्रिकेतून येणारे जीवाश्म नेमकी उलटी गोष्ट सांगू लागले, की मेंदू लहान आणि चाल माणसाची. पिल्टडाउन कुठेच बसेना. 1953 मध्ये तपासणी झाली तेव्हा कळलं, कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, आणि दात कानशीने घासलेले.

भीमबेटकाचं प्रकरण मात्र निर्मळ चुकीचं. 2021 मध्ये तिथल्या गुहेच्या दगडावर डिकिन्सोनिया या 55 कोटी वर्षांपूर्वीच्या अतिप्राचीन जीवाचा ठसा सापडल्याची बातमी जगभर झाली. नंतर दुसऱ्या गटाने जाऊन पाहिलं, तर आकार हळूहळू झडत चाललेला. ते मधमाश्यांचं जुनं पोळं होतं. आधीच्या संशोधकांनीही ते मान्य केलं. 55 कोटी वर्षांची वजाबाकी एका पावसाळ्यात होऊ शकते.

शेणाची लढाई

माणूस आधी ताठ चालला आणि मेंदू मागाहून वाढला, याचा सगळ्यांत प्रसिद्ध साक्षीदार म्हणजे ल्यूसी. 24 नोव्हेंबर 1974 रोजी इथिओपियात हदार इथे ती सापडली. वय 32 लाख वर्षं, सांगाडा सुमारे 40 टक्के. रात्री तळावर बीटल्सचं गाणं वाजत होतं, त्यावरून नाव पडलं. घरचं, म्हणजे इथिओपियातलं, नाव दिंकिनेश.

पण तिच्याहून जुनी पावलं टांझानियात लेटोलीला आहेत. ज्वालामुखीची राख, तिच्यावर पाऊस, आणि त्या ओल्या राखेतून 36 लाख वर्षांपूर्वी चालत गेलेले दोन पायांचे जीव. अंगठा आपल्यासारखाच इतर बोटांना लागून. 1978 मध्ये मेरी लीकी यांच्या तुकडीने ती माग काढून उघडी केली. मात्र या राखेत ठसे असतात, हे कळलं त्याआधी दोन वर्षं. 1976 मध्ये तिथे पाहुणे आलेले शास्त्रज्ञ संध्याकाळी एकमेकांना हत्तीच्या वाळक्या शेणाचे गोळे मारत खेळत होते. अँड्र्यू हिल नेम चुकवायला खाली पडले, तर नाकासमोर प्राण्यांच्या पावलांचे ठसे. उत्खननाच्या पाठ्यपुस्तकांत ही पद्धत अजून दाखल झालेली नाही.